बाराच्या बारा रिकाम्या

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, पहिल्या म्हशीच्या मागे उभे राहिले, हात आत घातला आणि म्हणाले, "रिकामी."

मास्तर हसला. एखादी राहते रिकामी. दुसरीही रिकामी निघाली. तिसरी, "हीसुद्धा." पाचवीपर्यंत मास्तरच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि बारावीला डॉक्टरांनी नुसती मान हलवली. बारा म्हशी, एकही गाभण नाही. मास्तर पेंडीच्या पोत्यावर बसला.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. दर रविवारी गोठ्यामागच्या खोलीत तो म्हशींच्या धंद्याची शिकवणी घेई, तीही फी घेऊन. नोकरीला कंटाळलेली माणसं चकचकीत बूट घालून येत आणि शेण चुकवत चुकवत खुर्चीपर्यंत पोहोचत. मास्तर फळ्यावर लिहायचा: आमच्याकडे म्हैस चौदा महिन्यांनी विते, म्हणून दूध तुटत नाही, म्हणून धंदा परवडतो. त्याचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं होतं. पंधरा वर्षं ते वाक्य खरं ठरलं होतं, त्यामुळे त्याला फुशारकी मारायचा हक्कच मिळाला होता म्हणा ना.

"सहा आटल्यात," तो कसाबसा म्हणाला. "मला वाटलं, गाभण आहेत म्हणून आटल्यात."

"नुसत्याच आटल्यात. उरलेल्या सहा दोन-तीन महिन्यांत आटतील. आज राहिल्या तरी व्यायला दहा महिने. एकेक माज चुकला की आणखी तीन आठवडे पुढे. तोवर विकणार काय? म्हशीच विकाव्या लागतील तुम्हाला."

"पण कृत्रिम रेतन करून घेतलं होतं ना मी, सगळ्यांचं."

"कुठल्या दिवशी?"

"कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजून. माणूस यायचा, नळी लावून जायचा. पुन्हा माज दिसला नाही, म्हणून धरलं की राहिली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला, कारण हात घाण होता. "म्हशीचा माज मुका असतो, मास्तर. ती गायीसारखी ओरडून गाव गोळा करत नाही. पूर्वी कोण ओळखायचं?"

"मीच," मास्तर म्हणाला, आणि म्हणताना त्याला ते अगदी खरं वाटत होतं.

"मला फोन तुम्ही करायचात. पण मागून एका बाईंचा आवाज यायचा. 'कानतुटी म्हैस माजावर आहे, आजच बोलवा, उद्या उशीर होईल.' वर्षभरात तो आवाज ऐकला नाही मी."

आवाज मास्तरच्या वहिनीचा होता. थोरला भाऊ गेल्यावर ती याच घरात राहिली. पहाटे धार काढायच्या आधी बॅटरी घेऊन ती गोठ्यातून एक चक्कर मारी. कोणी गव्हाणीत वैरण तशीच ठेवली, कोण थोडं थोडं मुततेय, बसलेल्या म्हशीच्या शेपटीखाली चिकट तार दिसतेय का, माजाच्या सगळ्या खुणा बघे. मग चहा गाळता गाळता सांगे, "भावोजी, फोन करा." भावोजी फोन करत. फोन करून करून त्यांना वाटायला लागलं की माज आपणच ओळखतो. आता काय बोलावं अशा माणसाला!

चौदा महिन्यांपूर्वी एका रविवारी शिकवणीतल्या एका चष्मेवाल्याने विचारलं होतं, "मजुरीचा खर्च किती धरायचा?" मास्तरने फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं. "घरचं माणूस आहे. शेण काढायला काय अक्कल लागते?" वहिनी चहा घेऊन दारातच उभी होती. तिने सगळ्यांना चहा दिला, कप विसळून पालथे घातले आणि पुढच्या महिन्यात एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला लागली. राहायलाही तिकडेच गेली. मास्तर तेव्हा बायकोला म्हणाला होता, "चला, एक तोंड कमी झालं."

तेच आठवत तो त्या दुपारी लॉन्ड्रीत गेला. वाफेने भरलेल्या खोलीत वहिनी चादरींच्या घड्या घालत होती. त्याने आकडा सांगितला तसे तिचे हात थांबले.

"बारा? कानतुटीसुद्धा?"

"सुद्धा."

ती चादरींच्या ढिगावरच बसली. मग म्हणाली, "वर्षभर गोठ्यात काय बघत होता, भावोजी?"

मास्तरला शरमेने वर बघवेना. "तुम्ही रागावल्या असाल माझ्यावर."

"राग आहेच. पण त्या मुक्या जिवांनी काय केलंय?"

सुट्टीच्या दिवशी ती पहाटेच आली. बॅटरी घेऊन सरळ गोठ्यात शिरली. दहा मिनिटांत बाहेर येऊन म्हणाली, "कडेची माजावर आहे, तिचं रेतन आत्ता करा. कानतुटीचं संध्याकाळी." डॉक्टर आले, त्यांनी दोघींना तपासलं आणि "बरोबर" म्हणाले. दोघींपुढे मास्तरने तासाभरापूर्वीच स्वतःच्या हाताने पेंड टाकली होती. त्याला काहीच दिसलं नव्हतं.

"वहिनी, परत या तुम्ही."

"राहायला नाही येणार. रोज पहाटे चक्कर मारून कामावर जाईन. पण तिथे पगार मिळतो, त्याच्या निम्मे इथे घेईन."

मास्तरच्या तोंडून पटकन निघून गेलं, "एवढे तुम्हाला दिले, तर धंद्यात उरणार काय?"

"मग पंधरा वर्षं उरत होतं, ते कुणाचं होतं?"

मास्तरने मनातल्या मनात तो निम्मा पगार पंधरा वर्षांच्या हिशेबात घालून बघितला. दोनदा बघितला. हातात काहीच राहत नव्हतं. इतके रविवार तो छाती फुगवून सांगत आला होता की धंदा परवडतो. धंदा कधी परवडलाच नव्हता, वहिनी फुकट होती. डॉक्टर उगाच नळाशी हात धूत राहिले.

"देईन," मास्तर म्हणाला.

"तोंडी नको, लिहून द्या. लॉन्ड्रीत मला नेमणुकीचा कागद दिलाय."

त्याने डॉक्टरांकडून पावतीबुकाचं एक कोरं पान मागून घेतलं. सवयीने 'मजुरी' लिहून पुढे शून्य काढलं, मग ते पान फाडलं, दुसरं मागून घेतलं आणि त्यावर आकडा लिहिला.