अर्धा पासवर्ड अकोल्यात

सर्व्हर रूममधली धूळ एकवेळ झाडून निघेल, पण किस्से निघत नाहीत! घरी कोणी सहज विचारलं, "आज ऑफिसात काय झालं?" की मी सुरू होते आणि गॅसवरची भाजी करपते. माझ्या नवऱ्याने आता विचारणंच सोडलंय.

आमची बियाण्यांची कंपनी. हेड ऑफिस पुण्यात. एक म्हातारं युनिक्स मशीन अमरावतीत, त्याचं जुळं भावंड अकोल्यात. अमरावतीत गवई सर आणि मी, अकोल्यात एकटे धांडेभाऊ. बस, एवढाच आमचा संसार.

*

पहिल्याच दिवशी सरांनी मला बूट ऑर्डर शिकवली. मशीन चालू झालं की सिस्टिम कुठे कुठे शोधायची, त्याची ती यादी. आधी सीडी, मग पेनड्राइव्ह, मग डिस्क.

"म्हंजे कसं, पोरी," सर म्हणाले, "डब्बा पाह्यजे त आधी बायकोले विचारा. ते नाही म्हणली त मायले विचारा. दोघी बी रुसल्या त मंग कँटीन."

"आणि कँटीन बंद असेल तर?"

"त मंग मशीन बी उपाशी अन् आपण बी!"

*

मी तेव्हा नवी, अंगात लई हुशारी. स्वतःच्या लॉगिनला एकवीस अक्षरांचा पासवर्ड ठेवला. तिसऱ्या दिवशी घाईत शेवटचा अर्धा भाग साफ चुकला, तरी मशीनने मला आत घेतलं! घाबरून सरांकडे पळाले. म्हटलं, हॅक झालं!

सर चहा फुंकत होते. "काई हॅक नाही झालं. जुनं मशीन हाय ते. पहिली आठ अक्षरं पाहाते फक्त. त्याच्या पुढं तू अख्खं रामायण टाक, ते वाचतच नाही."

माझी सगळी हुशारी आठ अक्षरांत आटोपली.

*

मे महिन्यातलं अकोला! सबंध ऑफिसात लाइट जायची, पण यूपीएसमुळे मशीन चालू. एका दुपारी अकोल्याचं मशीन रिस्टार्ट झालं आणि उठेचना. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"धांडे, मशीनच्या मांग काय लटकून राह्यलं?"

"काई नाही सर. मोबाइल हाय. चार्जिंगले लावला."

"त्याच्या मेमरी कार्डात काय हाय?"

"भजनं हायेत, सर. मोझरीच्या आश्रमातून भरून आणली."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! ते कार्डाले पेनड्राइव्ह समजलं! मशीन तुह्या भजनातून उठाले पाहून राह्यलं!"

धांडेभाऊ शांतपणे म्हणाले, "मंग उठन न सर. सकाळचीच भजनं हायेत."

मी हसून हसून टेबलाखाली गेले. सरांनी त्याच दिवशी दोन्ही मशीनवर डिस्क पहिल्या नंबरावर आणली.

*

पुण्यात मात्र कोणी हसलं नाही. मेल आला, अकोल्याची पोस्ट बंद करण्याचा विचार आहे. धांडेभाऊंची पोरगी बारावीला, आई अंथरुणाला खिळलेली, जुन्या शहरात त्यांचं सगळं. त्यांना पुण्याला या म्हणजे नोकरी सोडा म्हटल्यासारखंच होतं. मला इतका राग आला की मी जेवलेच नाही. सरांनी मात्र निवांत डबा संपवला, दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले, धांडेभाऊंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि परत आले.

*

महिनाभराने पुण्याचे साहेब पोस्ट बंद करायचा कागद घेऊनच अमरावतीला आले. "अकोल्याचा माणूस करतो काय? सगळं तर इथूनच चालतं."

"साहेब," सर अदबीने म्हणाले, "मशीन अडलं की मेंटेनन्स मोडमधी जाते. तिथं मुख्य पासवर्ड मांगते. सेक्युरिटीसाठी आमी त्याचे दोन तुकडे केले. एक माह्याजवळ, दुसरा धांडेजवळ."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते!

"दाखवा," साहेब म्हणाले.

सरांनी मशीन मेंटेनन्स मोडमध्ये नेलं, आपला तुकडा टाइप केला आणि अकोल्याला फोन लावला. "धांडे, तुहा तुकडा सांग."

"नाही सांगत, सर."

"अरे, मी गवई बोलून राह्यलो!"

"तुमीच सांगतलं व्हतं न, खुद्द मी मांगतला तरी फोनवर द्याचा नाही. मी येतो एस्टीनं."

मूर्तिजापूरला गाडी बदलून, घामाने निथळत धांडेभाऊ अडीच तासांनी पोचले. तोवर साहेब मशीनसमोर बसून! धांडेभाऊंनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. सरांनी पुन्हा आपला तुकडा टाइप केला. मग धांडेभाऊ पुढे झाले.

"साहेब, तोंड तिकडं करा."

"मी?"

"हो. तुमी बी, सर. अन् ताई, तुमी बी."

आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे! मागे टकटक, टकटक, मग एन्टर. मशीन सुरू झालं. साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला, म्हणाले, "असा माणूस पाहिजेच." धांडेभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच कशाला लपवू!

*

सर रिटायर झाले त्या दुपारी त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. "हा माहा तुकडा. आतापासून तुह्याजवळ. एकदा मेंटेनन्स मोडमधी टाकून पाह्य."

मी टाइप केलं. आता धांडेभाऊंना बोलवावं लागणार, म्हणून फोनकडे हात नेला, तर कोपर एन्टरला लागलं.

मशीन उघडलं.

मी चिठ्ठीवरची अक्षरं मोजली. आठ. परत मोजली. आठच!

सरांकडे पाहिलं. ते गळ्यात दुपट्टा गुंडाळत दारात उभे होते.

"पाहून काय राह्यली?" ते म्हणाले. "अकोल्याले फोन लाव. धांडेले म्हण, गवई गेले. आता तुह्या तुकड्याबिगर हे मशीन उठत नाही."