भोयेदादांची बोलणी

भोयेदादा कुठल्याही आरोग्य केंद्रात शिरले की आधी खिशातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढायचे आणि भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा झाकून टाकायचे. मग तिथल्या सिस्टरकडे वळून विचारायचे, "आता सांगा, चालू आहा का बंद?" सिस्टर बिचारी गोंधळायची. तोवर ती "लाइट लागलीय ना साहेब, म्हणजे चालूच आहे" असं ठासून सांगत असायची. दादांचा त्या दिव्यावर भारी राग. "दिवा एवढंच सांगतो का वायर लागलीय. बोलणं होतंय का नाय, त्याला काय माहीत?"

मी नाशिकहून जव्हारला आलो तो त्यांच्या जोडीला. जव्हार-मोखाड्यातली आरोग्य केंद्रं मोठ्या दवाखान्याशी जोडून ठेवणं हे आमचं कंत्राटी काम. डोंगरातल्या केंद्रात काढलेला एक्स-रे जव्हारच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे दिसावा, दुखणाऱ्या माणसाला उगाच जीपमध्ये कोंबून आणायला लागू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. माझा स्वभाव तापट. लिंक पडली की मी यंत्राला शिव्या घालायचो. दादा म्हणायचे, "नाशिककर, त्याच्या भाषेत शिव्या घाल, मंग ऐकेल."

ती भाषा त्यांना येत होती. पोशेऱ्यातून, म्हणजे आपल्या गावातून, शिकून ते पुण्याला गेले होते आणि एका कंपनीत, संगणकात वायर जिथे लागते त्या नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहायचे. ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड कसं वापरायचं हे संगणकाला सांगणारा प्रोग्रॅम. गावात मात्र बातमी पोचली ती 'भोयांचा पोरगा पुण्यात ड्रायव्हर आहे' अशी. सुट्टीत आले की जो तो विचारायचा, कोणती गाडी चालवतोस? दादांनी थोडे दिवस समजावून पाहिलं, मग नाद सोडला. त्यांचे वडील तर शेवटपर्यंत अभिमानाने सांगत, आमच्या पोराच्या हातून कधी अपघात झाला नाही. हे सांगताना दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पुढे वडील थकले, शेतीकडे बघायला कोणी उरलं नाही, म्हणून ते पुणं सोडून परत आले.

वायरीच्या दोन टोकांना ते 'सोयरे' म्हणत. वायर लावली की दोन्हीकडची कार्डं आधी एकमेकांना विचारून घेतात, तुला किती वेग झेपतो, एकाच वेळी बोलता आणि ऐकता येतं का? दोघांना जमेल ते ठरतं. पुस्तकात याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. दादांच्या तोंडी एकच शब्द, बोलणी. मी घाईने की-बोर्डकडे हात नेला की तो बाजूला सारून म्हणायचे, "पाहुणे आत्ताच टेकलेत. बोलणी होऊ दे."

ही बोलणी बंद करून आपल्या बाजूचं परस्पर ठरवून टाकायचीही सोय ड्रायव्हरमध्ये असते. पावसाळ्यात वायरी ओल्या होऊन लिंक सारखी पडायला लागली की वैतागलेला माणूस तेच करतो. मग पलीकडचं कार्ड विचारत राहतं, उत्तर येत नाही. शेवटी ते धरून चालतं, की समोरच्याला एका वेळी एकच जमतं, बोलणं नाहीतर ऐकणं. दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळतं; छोटं काही निभावून जातं, मोठं अडकतं. दिवा मात्र हिरवागार.

जामसरच्या पुढच्या एका केंद्रात नेमकं हेच झालं होतं. "मेसेज जातात दादा," सिस्टर म्हणाली, "एक्स-रे नाय जात. अर्ध्यातच अडकतो." दादांनी संगणक पाहिला, तो ठीक होता. भिंतीवरच्या डब्याचं सेटिंग उघडलं, तर तिथे बोलणी बंद.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" मी ओरडलो.

"मी," दादा म्हणाले.

मागच्या पावसाळ्यात, एका रखडलेल्या पेशंटच्या गडबडीत, आजच्यापुरतं म्हणून त्यांनी ते ठरवून टाकलं होतं आणि विसरून गेले होते. त्यांनी बोलणी सुरू केली, वायर काढली, परत लावली. एक्स-रे भर्रकन गेला. सिस्टर खूश होऊन चहा ठेवायला लागली, पण दादा थांबले नाहीत.

परतताना मी गाडी चालवत होतो आणि ते बाहेर भाताच्या खाचरांकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "राम राम जातो, पोटातलं जात नाय. माझ्या घरी पण तसंच झालंय."

वनिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. ठाण्याला नोकरीला गेली, तिथे तिने मुलगा पसंत केला. मुलाचे आईवडील रीतसर बोलणी करायला पोशेऱ्याला आले. ओसरीवर बसले. मुलाच्या वडिलांनी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "आमचं ठरलंय. नाही." माणसं चहा न घेता उठली. वनिताने ठाण्यात लग्न केलं. बाप-लेकीचे फोन सुरू होते, बंद कधीच पडले नाहीत. तठं पाऊस आहा का? आहे. तुझी पोर बरी आहा का? बरी आहे. संपलं.

"तिला एवढंच सांगायचंय," दादा म्हणाले, "वने, चूक माझी. मी त्या माणसांना बोलूच दिलं नाय. जावयाला घेऊन घरी ये. मी ओसरीवर बसून ऐकेन. मंग तुला पाहिजे तेवढं भांड माझ्याशी."

"मग सांगा की! फोन लावा आत्ता," मी म्हणालो.

"फोनवर नाय रे. समोर जाऊन."

भात लावून झालं की जातो, म्हणाले. भात लावून झालं. मग नागली, म्हणजे नाचणी, कापली की जातो, म्हणाले. मी त्यांना चिडवायचो, ठाणं काय परदेशात आहे? ते नुसते हसायचे. एवढा धीट माणूस, वायरीसाठी खांबावर चढणारा, वरिष्ठांना तोंडावर सुनावणारा, पण मुलीच्या दारात जायचं म्हटलं की पाय उचलत नव्हता.

नागली खळ्यावर आली आणि दादा गेले. खळ्यावरच छातीत कळ आली. पोरांनी उचलून जीपमध्ये घातलं, पण जीप जव्हारला पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. मला रडू आलं नाही, राग आला. त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. इतकं काय जड होतं ते वाक्य?

दिवसकार्याला मी पोशेऱ्याला गेलो. वनिता नवऱ्याला आणि लहान मुलीला घेऊन आली होती. बापासारखाच रुंद कपाळाचा चेहरा. माणसं पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तुम्ही नाशिकचे ना, म्हणाली, बाबा तुमचं नाव घ्यायचे.

मग जमिनीकडे बघत म्हणाली, "गेले त्याच्या आदल्या दिवशी फोन आला होता. पाऊस विचारला नाही. म्हणाले, वने, ऐकतेस का. मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी. मी म्हटलं, बाबा, कुकर लावलाय, नंतर करते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुकर लावला नव्हता. मला नको वाटलं होतं, एवढंच."

मग तिने मान वर केली.

"त्यांना काय म्हणायचं होतं, तुम्हाला ठाऊक आहे का?"

मला ठाऊक होतं. गाडीत त्यांनी सांगितलं होतं तसंच, त्यांच्याच शब्दांत मी तिला सांगितलं. तिने मुलीला मांडीवर ओढून घेतलं आणि ऐकत राहिली.

मग म्हणाली, "परत एकदा सांगा."