पाणघोड्याचा कान

दाऊदचाचांच्या खानावळीत गरम जेवायचं असेल तर एक पथ्य पाळावं लागे. आफ्रिकेचा विषय निघू द्यायचा नाही. विषय निघाला की संपलं. तंदुरातून नुकताच आणलेला खुबूस, म्हणजे तिकडची ती परातीएवढी रोटी, कुणाच्या तरी ताटात टाकण्याऐवजी चाचा आपल्या कानाशी उभा धरत आणि म्हणत, "हत्तीचा कान एवढा. एवढा म्हंजे एवढा." मग त्या कानामागून हत्ती यायचा, हत्तीमागून कळप यायचा, कळप समुद्रात आंघोळीला उतरायचा. ज्याची रोटी होती तो बिचारा आशाळभूतासारखा बघत राहायचा, आणि तेही कळपाकडे नव्हे.

कुवेतमध्ये मिरकाबच्या एका गल्लीत ही खानावळ होती. पन्नास साल उलटून गेलं होतं, तेलाचा पैसा आला होता आणि जुनं मातीचं शहर पाडून नवं बांधायचं काम जोरात चाललं होतं. त्याच कामावरच्या एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी नकाशे काढत असे. खानावळीत येणारे बहुतेक रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान. कुणी दुकानात, कुणी बंदरात, कुणी तेलाच्या कारखान्यात. मी एकटाच मिरजेचा, त्यातून ब्राह्मण आणि त्यातून डाळभात खाणारा. चाचांनी पहिल्याच दिवशी माझ्यासाठी वेगळा टोप काढला आणि पोऱ्यांना बजावलं, "भटजीच्या टोपात माशाची पळी बुडवलीस, तर हात तोडून कालवनात टाकीन!" त्या दिवसापासून मी सगळ्यांचाच भटजी झालो.

चाचा दाभोळच्या खाडीतले. गलबतावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून त्यांनी उमर काढली होती. कुवेतची मोठी लाकडी गलबतं, त्यांना तिथे बूम म्हणत, दरसाल खजूर भरून आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात आणि घरांच्या छपरांसाठी तिथल्या दलदलीतली लाकडं तोडून आणत. त्या फेऱ्यांवर चाचांनी हत्ती, मगरी, पाणघोडे असं सगळं बघितलं होतं. निदान ते तसं सांगत. कुणी विचारलं, की चाचा, तुमच्याबरोबरच्या खलाशांना कसं कधी काही दिसलं नाही, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "तू जनावर बघितलंस की नाय, त्याला महत्त्व नाय. जनावरान तुला बघितलान, तेवढा बस झाला."

या उत्तरावर खानावळीत एकच माणूस हसत नसे. तो म्हणजे गफूरभाई. कापडाचा व्यापारी, बाणकोटचा. गजाने मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा धर्म. एका शुक्रवारी भरल्या पंगतीत तो म्हणाला, "चाचा, तुमी पानघोडा मुंबईला रानीच्या बागेत बघितलाव. चार आन्याचं तिकीट काढून."

पंगत खदखदून हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी रोटी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "गफूर, या साली बूम जाते. तू चल. ज्याला यायचा त्यान या. जनावर दिसला नाय, तर अल्लाची कसम, आफ्रिकेचा नाव पुन्हा या तोंडातना निघनार नाय."

अशी ती सहल ठरली. इतकी स्वस्त सहल जगात कुणी काढली नसेल. नाखुदा, म्हणजे बूमचा कप्तान, चाचांच्या ओळखीचा. झोपायला खजुराची पोती, जेवायला चाचांच्या हातचं. जाताना बूम, आणि पुढे मोंबासाहून आगबोटीने मुंबई. म्हणजे सुट्टीवर घरी तर जायचंच, फक्त वाटेत आफ्रिका. कुवेतहून मुंबईला जाताना आफ्रिका वाटेत कशी लागते, हे मी नकाशे काढणारा माणूस असूनही मला सुचलं नाही. मी, गफूरभाई आणि मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीतले दोन फिटर, असे आम्ही चाचांबरोबर निघालो. फिटर जनावरं बघायला निघाले होते, गफूरभाई न बघायला. माझं काही ठरत नव्हतं.

वाटेत जनावरं दिसली नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. झुरळं होती, उंदीर होते, आणि पोत्यांतले ढेकूण तर आमच्यावर प्रसन्नच होते. गफूरभाई रोज सकाळी पाठ खाजवत विचारी, "चाचा, ह्ये मोजायचे काय?" चाचा चुलीपाशी बसून गप्पपणे पीठ मळत. मला त्या माणसाची तेव्हाच दया येऊ लागली होती.

रुफिजी नावाच्या नदीच्या मुखाशी पोचलो, तर जमीन दिसायच्या आधी तिचा वास आला. चिखलाचा, कुजक्या पानांचा, खाऱ्या पाण्याचा. मला तो वास अजिबात आवडला नाही. पण पुढे उभा असलेला गफूरभाई एकदम थांबला. नाक वर करून त्याने दोनतीनदा हुंगलं आणि ओरडला, "अरे, ह्या तर खाजन!"

खरंच खाजण होतं. पाण्यात पाय सोडून उभी असलेली हिरवीगार चिपीची झाडं, त्यांच्या मुळ्यांमधून आत गेलेल्या पाण्याच्या वाटा, आणि त्यामागे थेट समुद्राला येऊन टेकलेलं जंगल. आपल्या कोकणातल्या खाडीचं थोरलं भावंड. ज्या माणसांनी वर्षानुवर्षं वाळू आणि वाळूनंतर पुन्हा वाळूच पाहिली होती, ती ते हिरवं बघून वेडी झाली. बूम अजून नीट थांबली नव्हती, तोच गफूरभाई लुंगी खोचून मांडीभर चिखलात उतरला आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायला लागला. फिटरांनी हातोडा काढला आणि मुळ्यांना चिकटलेली कालवं ठोकून काढायला सुरुवात केली. दुपारी किनाऱ्यावर चूल पेटली, धूर झाला, आणि गफूरभाईच्या गळ्यातून बाणकोटकडची लग्नातली गाणी बाहेर पडू लागली. आफ्रिकेच्या अरण्याने तसा आवाज पूर्वी कधी ऐकला नसावा.

चाचांनी आम्हांला आधीच बजावलं होतं, की कुजबुजून बोलायचं, धूर करायचा नाही. आता ते एकेकाच्या मागे धावत होते. "गप ऱ्हा रे! अरे, जनावरांना कान असतात!" ऐकतो कोण? आम्ही इतक्या लांब वन्य प्राणी बघायला आलो होतो आणि दिसलेला प्रत्येक प्राणी आमच्या पोटात जात होता. अर्थात माझ्या नव्हे. मी भाताचा टोप मांडीवर घेऊन बघत बसे.

निघायच्या आदल्या दिवशी चाचांनी आम्हांला होडीत घालून एका अरुंद वाटेने आत नेलं. जंगल दोन्ही बाजूंनी पाण्यावर वाकलं होतं. चाचांनी अचानक हात वर केला. समोर पाण्याखाली कुणीतरी मोठ्याने श्वास सोडल्यासारखा आवाज झाला आणि बुडबुडे आले. आम्ही थिजलो. पाणी हळूहळू फुगायला लागलं.

"गावली! गावली!" गफूरभाई किंचाळला. होडीच्या कडेला मुळीवर बसलेली ताटाएवढी कुर्ली त्याने झडप घालून धरली होती.

पाणी खाली बसलं. बराच वेळ नुसती वलयं येऊन होडीला लागत राहिली. गफूरभाईने हातातली कुर्ली बघितली, चाचांचं तोंड बघितलं आणि कुर्ली परत पाण्यात सोडून दिली. संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "चाचा, जाऊ दे. त्याने आपल्याला बघितलं, तेवढं बस झालं." चाचा चूल विझवत म्हणाले, "भटजी, ता मी गिऱ्हायकांना सांगतो. मना नको सांगू."

सुट्टी संपवून आम्ही कुवेतला परतलो. चाचांनी खानावळ उघडली आणि शब्द पाळला. आता रोटी गरम मिळू लागली. चाचा ती ताटात टाकत, पुढे सरकत, कालवण वाढत, पुढे सरकत. कुणी मुद्दाम हत्तीचा विषय काढला तर म्हणत, "भात घे." आम्हांला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि कुणाच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. खानावळीत फक्त चावण्याचे आवाज. त्या आवाजात मला पहिल्यांदाच कळलं, की आम्ही तिथे इतकी वर्षं जेवायला येत नव्हतो. दोघे-तिघे दुसरीकडे जेवू लागले. चाचा एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

सगळ्यांत वाईट अवस्था गफूरभाईची. तो मान खाली घालून जेवायचा आणि पहिला उठायचा.

मग एका शुक्रवारी भर दुपारी धुळीचं वादळ उठलं. सगळी गल्ली तांबडी झाली आणि जेवायला आलेले आत अडकले. दारं-खिडक्या बंद. तेव्हा गफूरभाईने घसा खाकरला.

"मी कोनाला बोललो नाय," तो म्हणाला, "पन रुफिजीला मी पानघोडा बघितला. निघायच्या दिवशी फाटेचा. तुमी सगळे झोपलेले होतात."

सगळे हात ताटात थांबले. गज घेऊन जगणारा तो माणूस, आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता आणि घामाघूम झाला होता. "पान्यातना वर आला. डोंगराएवढा. आनि कान," त्याने समोरची अख्खी रोटी उचलून कानाशी धरली, "कान एवढा!"

मोरीपाशी भांडी विसळणारे चाचा वळले. हात पुसत गफूरभाईपुढे येऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं, आता हा माणूस मार खाणार. मग त्यांनी त्याच्या हातातली रोटी काढून घेतली, तिचा लहानसा तुकडा मोडला, कानाच्या पाळीएवढा, आणि तो त्याच्या तळहातावर ठेवला. आफ्रिकेचं नाव नाही, जनावराचं नाव नाही. कसम अजिबात मोडली नाही. फक्त म्हणाले, "हां. आता सांग."

आणि गफूरभाईने सांगितलं. वाईट सांगितलं, अडखळत सांगितलं, पण वादळ थांबेपर्यंत सांगितलं. पंगतीतल्या सगळ्यांच्या रोट्या गार झाल्या आणि कुणीही तक्रार केली नाही. चाचा मोरीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, हसून की कशाने ते मला दिसलं नाही.

पुढे गोष्टी गफूरभाईच सांगू लागला आणि फारच वाहवला की स्वयंपाकघरातून नुसता टोप आपटल्याचा आवाज येई. मग हत्ती थोडा लहान व्हायचा. काही वर्षांनी चाचांना दिसेनासं झालं आणि खानावळ गफूरभाईवर सोपवून ते कायमचे दाभोळला गेले. आम्ही बंदरावर पोचवायला गेलो तेव्हा गफूरभाईने त्यांचा हात धरून विचारलं, "चाचा, आता तरी खरा सांगा. तुमी बघितलेलाव ना?" चाचांनी त्याचा खांदा चाचपला आणि म्हणाले, "भटजीचा टोप वेगळा ठेव." त्यानंतर वर्षभरातच ते गेल्याचं कळलं. त्या रात्री गफूरभाई आणि मी, दोघेही जेवलो नाही.

नंतर मुंबईला आलो असताना मी मुद्दाम राणीच्या बागेत जाऊन पाणघोडा बघितला. त्याचा कान खरोखर लहानसाच असतो, चाचांनी मोडलेल्या तुकड्याएवढा. आता चाचांनी तो रुफिजीला बघितला होता की त्याच जाळीपाशी चार आणे देऊन, हे मला ठरवता आलेलं नाही आणि ठरवायचंही नाही.

हल्ली नातवंडं जेवायला बसून कुरकुर करायला लागली की मी पोळीचा एक तुकडा मोडतो आणि कानाशी धरतो. "पाणघोड्याचा कान एवढाच असतो," मी सांगतो. "रुफिजी नदीत, होडीपासून दोन हातांवर. मी स्वतः बघितला आहे."