डब्यातलं पाणी

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात देमेत्रियाचा लास्वा सगळ्यांना ठाऊक होता. भोपळा, भेंडी, शेवग्याचा पाला, परसात मिळेल ते उकळायचं आणि भाजीच्या आधी पाणी प्यायचं. सत्त्व पाण्यात उतरतं, हे तिनं आईकडून ऐकलं होतं आणि पोरांना त्याच पाण्यावर वाढवलं होतं. कुणी वाटीत पाणी ठेवलं, तर ती अशी बघायची की खाणारा मुकाट्यानं वाटी तोंडाला लावायचा.

मग नवऱ्याला, आम्ब्रोसिओला, झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि देमेत्रियाचा परसावरचा विश्वासच उडाला. घाबरलेल्या माणसाला लांबचं देऊळ जास्त जागृत वाटतं. तिचं देऊळ काचेच्या कपाटात होतं. लेक रोवेना दर नाताळाला अमेरिकेहून खोका पाठवायची, त्यातले पालकाचे आणि फरसबीचे डबे तिथे मांडलेले असत. ते पाहुण्यांना दाखवायचे, फोडायचे नाहीत. आता ती रोज एक फोडू लागली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसा शेवग्याचा पाला दाराशी जून होत राहिला.

दवाखान्यातल्या मारिलू नर्सनं मीठ बंद करायला सांगितलं होतं. देमेत्रियानं मिठाची बरणी, सोया सॉस, मासळीचा खारा रस, सगळं शेजारच्या बेनोंगकडे पोचवलं. तरी रक्तदाब उतरेना. दुसरा झटका आला तर माणूस हाती लागायचा नाही, असं मारिलूनं तिला अंगणात हळूच सांगितलं, तेव्हापासून ती त्याच्या प्रत्येक घासावर नजर ठेवून होती.

"त्या बेनोंगकडे बसून सुकी मासळी हाणतोस ना?" तिनं एकदा नवऱ्याला धरलंच.

"तुझ्या धाकानं तो मला पाणीसुद्धा विचारत नाही."

"मग दाब काय हवेनं चढतो?"

"तुझ्या तोंडानं चढत असेल."

त्यानंतर दोघांनी अबोला धरला. आम्ब्रोसिओ खरं बोलत होता, म्हणून त्याला ते जास्तच लागलं.

पुढच्या खेपेला मारिलू नेमकी जेवणाच्या वेळी आली. देमेत्रिया फरसबीचा अख्खा डबा पाण्यासकट नवऱ्याच्या भातावर ओतत होती.

"मानांग, ते पाणी कशाला?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी हाक मारत मारिलूनं विचारलं.

"अगं, सत्त्व त्यातच असतं."

"तुम्ही कधी चाखलंय?"

देमेत्रियानं चाखलं नव्हतं. लेकीनं पाठवलेलं, आजाऱ्यासाठीचं, त्यातला थेंब स्वतःच्या तोंडात कसा घालायचा? तिनं चमचा ओठाला लावला आणि तशीच थांबली. पाणी खारट होतं, समुद्रासारखं.

"तुमचं म्हणणं खोटं नाही," मारिलू म्हणाली. "भाजी शिजली की थोडं सत्त्व पाण्यात जातंच. तुमच्या लास्व्याचं पाणी प्यायलाच हवं. पण या पाण्यात टिकवायचं मीठही असतं. ते ओतून द्या, भाजी धुऊन घ्या. मग डब्यातली फरसबीही चांगलीच की. आणि पालकाचं म्हणाल, तर दारात शेवगा आहे तुमच्या."

देमेत्रिया पायरीवर बसली. "म्हणजे मीच याला मारत होते."

"तरीच," आम्ब्रोसिओ भात चिवडत म्हणाला. "म्हटलं, या बयेच्या हाताला एकाएकी चव कुठून आली?"

ती रडता रडता हसली आणि अबोला तिथेच संपला.

लेकीला सांगायची तिला भीती वाटत होती. पोरीनं मायेनं पाठवलेलं, तिला काय वाटेल? फोनवर रोवेनानं आधी सगळं ऐकून घेतलं.

"मी धुऊनच खाते गं नानाय. तुला सांगायचं सुचलंच नाही. इथं मला कुठलं परस? तुझ्या लास्व्याचं पाणी डब्यात मिळत असतं, तर मी कपाटात नसतं मांडलं, दारातच उभ्यानं प्यायले असते."

आता उरलेले डबे धुतलेल्या फरसबीच्या रूपानं एकेक करून लास्व्यात पडतात. शेवगा रोज खुडला जातो. परवा मारिलूनं दाब दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा तिचा विश्वासच बसला नाही. तो उतरला होता.

वाटी पुढे ठेवण्याआधी देमेत्रिया हल्ली स्वतः एक घोट घेते.

"अळणी आहे," ती सांगते.

"मग दे," आम्ब्रोसिओ म्हणतो, आणि लुळा पडलेला, आता जरासा हलू लागलेला हात वाटीकडे नेतो.