तहकूबआक्का

ग्रामसभा तहकूब झाली असं जाहीर झालं की माणसं आपापल्या चपला शोधायला लागायची. यमुनाआक्का तेवढी जागची हलायची नाही. आपल्याच घरून आणलेल्या पोत्यावर मांडी घालून बसलेली असायची आणि तिथूनच विचारायची, “पुढली कधी?”

“नोटीस लागेल, आक्का,” ग्रामसेवक सांगायचे.

“नोटीस तुमच्यासाठी लागती. मला तोंडानं सांगा.”

मग ती उठायची, पोतं झटकून काखेत घ्यायची आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “सभा तहकूब झालीया. मी न्हाई.”

गावानं तिचं नाव तहकूबआक्का ठेवलं होतं. आमचं गाव सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, लोणी काळभोरच्या अलीकडे. आता ते पुणे शहराचा एक प्रभाग आहे आणि तिथं राहणाऱ्या निम्म्या लोकांना ते कधी गाव होतं हे माहीतही नाही. मी त्या ग्रामपंचायतीत लिपिक होतो. दाखले लिहायचे, पाणीपट्टीच्या पावत्या फाडायच्या आणि कसल्याही सभेची नोटीस निघाली की ती फळ्यावर डकवायची, हे माझं काम.

ज्यांनी ग्रामसभा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सभेला ठरावीक माणसं जमली नाहीत, म्हणजे कोरम भरला नाही, तर सभा तहकूब होते आणि पुढच्या तारखेला पुन्हा भरते. या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. चार माणसं बसली तरी ठराव मंजूर. त्यामुळे आमच्याकडे खरी सभा ही तहकूब होण्यासाठीच बोलावलेली असे, आणि गावाचे सगळे निर्णय रिकाम्या खोलीत होत. खोली अगदीच रिकामी राहू नये एवढी काळजी यमुनाआक्का घ्यायची.

तिला हे शहाणपण ठेच लागून आलं होतं. आमच्या मळ्यातल्या वस्तीसाठी नळकोंडाळं मंजूर झालं होतं. सभेला आक्का गेली, सभा तहकूब झाली, म्हणजे विषय संपला असं समजून घरी आली. आठवडाभरानं कोंडाळं सरपंचांच्या भावकीच्या आळीत उभं राहिलं. “मला वाटलं तहकूब म्हंजे बंद,” ती सांगायची. “तहकूब म्हंजे दार लोटून घेतलेलं असतंय. आत काम चालूच.” त्यानंतर तिनं एकही तहकूब सभा चुकवली नाही.

मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच अशा सभेत तिचा हिसका पाहिला. खोलीत सरपंच, ग्रामसेवक, दोन सदस्य, मी आणि आक्का. सरपंचांना गाव आबा म्हणे. आबांनी विषयपत्रिका उघडायच्या आधीच आक्काचा हात वर.

“अहो, अजून विषय वाचला नाही,” आबा म्हणाले.

“वाचा की. हात ऱ्हाऊ द्या वर. तुमचं मंजूर मंजूर लई लवकर येतंय.”

विषय स्वागत कमानीचा होता. आक्का म्हणाली, “कमान बांधा, पर तिच्याखालनं जायाला रस्ता कुठाय?” रस्त्याची तेव्हा खरंच चाळण झालेली होती. आबा हसून म्हणाले, “यमुनाबाई, पुढच्या वेळी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो.”

“खुर्ची नगं. खुर्चीत बसल्यावर हात वर करायला जड जातं मानसाला.”

कमान झालीच. तिच्या एका हातानं कुठलाही ठराव पडत नव्हता. पण इतिवृत्तात ‘एक ग्रामस्थ विरोधात’ असं लिहावं लागे, आणि तेवढ्यानं आबांची झोप उडायची. एकदा मी तिला विचारलं, “आक्का, तू एकटी येऊन काय होतं गं?” ती म्हणाली, “भरल्या सभंत टाळ्या वाजवायला कुणीबी येतंय, दिल्या. रिकाम्या सभंत एक मानूस लागतंय, न्हाईतर ही मंडळी आपसांत लाजायची बी बंद हुतील.”

मी मळ्यातल्या वस्तीतलाच. आमचं घर तिच्या घरापासून तिसरं. लहानपणी तिच्या वाफ्यातल्या कोथिंबिरीत मी लपाछपी खेळलो आहे आणि तिच्या हातची थप्पडही खाल्ली आहे. ती आणि शेजारची हौसाबाई रोज पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन टेम्पोनं मार्केट यार्डात जायच्या. टेम्पोत मागे पाटीवर बसून दोघी सगळ्या गावाची उणीदुणी काढत. एकीला ताप आला तर दुसरी दोघींचा माल विकून यायची. दुपारी परत येताना आक्का पंचायतीच्या पायरीशी थांबायची आणि आत न येताच हाक मारायची, “दिल्या, तहकूब कधीची?” मी तारीख सांगायचो. तिला वाचता येत नव्हतं. माझं तोंड हाच तिचा फळा होता.

वस्तीतून मोठ्या रस्त्याला यायला एक वाट होती. बैलगाडी जाईल एवढी, दोन्हीकडे शेतं. ही दोन्हीकडची शेतं एका बिल्डरनं घेतली आणि पंचायतीकडे ना हरकत मागितली. त्याच्या नकाशात आमची वाट नव्हतीच. सलग भिंत दाखवली होती. ना हरकत मिळाली असती तर वस्तीला कालव्याच्या कडेनं वळसा घालून जावं लागलं असतं, आणि त्या कडेनं टेम्पो येत नाही. टेम्पो आला नाही तर जुड्या यार्डात जाणार कशा? वस्तीत सगळ्यांची पोटं त्या जुड्यांवर होती.

त्या ग्रामसभेला आक्कानं सगळी वस्ती उठवून आणली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका, सगळे. पण उरलेलं गाव आबांच्या शब्दाखातर घरी बसलं आणि कोरम भरला नाही. सभा तहकूब. वस्तीची माणसं चुळबुळ करायला लागली तेव्हा आक्का उभी राहिली. “जावा घरी. पुढली तारीख मी सांगते, तवा आपलेच हात जास्ती भरतील. मला कळल्याबिगर या गावात तहकूब हुत न्हाई.”

हे वाक्य तिनं माझ्या भरवशावर उच्चारलं होतं.

तिसऱ्या दिवशी आबांनी मला आत बोलावलं. गाव महापालिकेत जाणार हे तेव्हा नक्की झालं होतं. पंचायतीतल्या कुणाकुणाला महापालिकेच्या नोकरीत घ्यायचं ते पंचायत कळवणार होती. आबांनी माझ्यासमोर नोटीस ठेवली. तहकूब सभा दोन दिवसांनी, सकाळी. बायका यार्डात असतात ती वेळ.

“फळ्यावर लाव,” ते म्हणाले.

“वस्तीत सांगायला हवं, आबा.”

“नोटीस लावायची म्हणजे लावायची. तोंडानं सांगत फिरायचं, असं कायद्यात कुठं लिहिलंय?” मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “तुझं नाव वर पाठवलंय मी. अजून मागं घेता येतं.”

मी नोटीस लावली. फळ्यावर, नियमाप्रमाणे, चारही कोपऱ्यांना खळ लावून. दुपारी पायरीशी हाक आली.

“दिल्या, तहकूब कधीची?”

मी बाहेर आलो. तिच्या डोक्यावर रिकामी पाटी होती, आणि नोटीस तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होती. मी म्हणालो, “ठरली की सांगतो, आक्का.”

“सांग हं. वस्ती आनायची हाय मला,” असं म्हणून ती गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो. त्याच्या पुढच्या सकाळी सभा झाली. ठराव एकमतानं मंजूर. इतिवृत्त मीच लिहिलं. विरोधात कुणीही नाही, असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.

कळल्यावर ती पंचायतीत आली. सभा नसताना पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत आली. “तू सांगनार हुतास,” एवढंच म्हणाली.

“नोटीस लावली होती, आक्का. मला वाटलं, तुला कळलं असेल.”

मी पावतीपुस्तकात बघत होतो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही हे मला आजही ठाऊक नाही. वस्तीत जाऊन ती म्हणाली, “माझी चूक झाली. मी इचारायला कमी पडले.” माझं नाव तिनं घेतलं नाही. एका पोराची नोकरी जाऊ नये म्हणून, की तिला खरंच तसं वाटलं म्हणून, हे मी तिला कधी विचारलं नाही.

वस्तीला ते पटलं नाही. पटणार कसं? इतक्या वर्षांत जिनं एक तहकूब चुकवली नाही, ती नेमकी हीच चुकवते? “ऐनवेळी कशी घरी बसली गं?” असं लोक पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलायला लागले. त्यातच तिच्या मुलानं, रमेशनं, टेम्पो घेतला. कर्जावर घेतला होता, पण बघणाऱ्याला टेम्पो दिसतो, कर्ज दिसत नाही. बिल्डरनं आक्काला गप्प बसवलं, हे मग नक्कीच झालं. ती एकदाही न चुकल्याचाच पुरावा लोकांनी तिच्यावर वापरला. हौसाबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. वाट बंद झाल्यावर कालव्याच्या कडेनं दोघी डोक्यावर ओझी घेऊन टेम्पोपर्यंत चालत यायच्या, एक पुढे आणि एक बरीच मागे. हे मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. माझं जेवण, माझी झोप, काही अडलं नाही. हौसाबाईच्या घरी चहा प्यायलो, तिच्या नातवांच्या बारशांना गेलो. कुणी आक्काचा विषय काढला की मी “जाऊ द्या ना, झालं ते झालं” म्हणायचो आणि लोकांना मी मोठ्या मनाचा वाटायचो.

गाव महापालिकेत गेलं. मला क्षेत्रीय कार्यालयात टेबल मिळालं. एक दिवस आक्का तिथं आली. काखेत पोतं होतं.

“हितं सभा कधी असती?” तिनं विचारलं.

“इथं ग्रामसभा नसते, आक्का. नगरसेवक असतात. ते सभेला जातात.”

“मंग आपन कुठं बसायचं?”

मी म्हणालो, “आपण घरी.”

माझ्या शेजारच्या टेबलावरचा पेठेतला सहकारी हसला आणि म्हणाला, “आजी, आपण टॅक्स भरायला बसायचं. खिडकी क्रमांक दोन.” आक्काही हसली. जाताना म्हणाली, “चांगलं हाय की. तुमाला तहकूब करायचा बी तरास न्हाई.”

भिंत उभी राहिल्यावर वस्तीतल्या एकेकानं जमीन त्याच बिल्डरला दिली. वाट नसलेल्या जमिनीला दुसरं गिऱ्हाईक कुठून येणार? आमच्या घरानंही दिली. सगळ्यांत शेवटी आक्काच्या मुलानं दिली. ती शेवटपर्यंत नको म्हणत होती, पण त्याचाही अर्थ लोकांनी ‘भाव वाढवून घेतेय’ असाच लावला. रमेशनं फ्लॅट घेतला. तिथं गॅलरीतल्या कुंडीत ती कोथिंबीर लावायची, असं कुणीतरी सांगितलं. मी गेलो नाही. तिच्या आजारपणातही गेलो नाही. दोनदा पत्ता विचारून घेतला आणि दोनदा ऑफिसात काम निघालं.

आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. पुढारी येतात, माईक असतो, माणूस कसाही असो, त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण होते. आक्काच्या दहाव्याला रमेशनं मलाही बोलायला लावलं. सामाजिक कार्यात अग्रेसर, परखड, निःस्पृह, असं मी पाच मिनिटं बोललो. ‘निःस्पृह’ म्हणताना वस्तीची जुनी माणसं बसली होती तिकडं मी पाहिलं नाही.

माणसं पांगायला लागल्यावर रमेशची बायको माझ्याजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही पंचायतीत होता. खरं सांगा, आत्यांनी पैसे घेतले होते का हो?”

मला कळेना, ही काय विचारतेय.

“नाही म्हणजे, आमच्या टेम्पोचे हप्ते भरताना आमचा जीव गेला. तेव्हा सुद्धा त्यांनी काही काढून दिलं नाही. मग घेतले असतील तर ठेवले कुठं? पेटी बघितली, डबे बघितले. कुणाला दिले असतील का?”

गावानं म्हटलं होतं ते मला ठाऊक होतं. घरातही तेच होतं, हे ठाऊक नव्हतं. त्या फ्लॅटमध्ये इतकी वर्षं ती या माणसांच्या पंगतीला बसून जेवली होती.

मी म्हणालो, “एक पैसा घेतला नाही. तिला तारीख कळलीच नव्हती. तिनं मला दोनदा विचारलं होतं. मी सांगितली नाही.”

“विसरलात?”

“नाही. मुद्दाम सांगितली नाही. माझी नोकरी पक्की व्हायची होती.”

रमेश पाठीमागे उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं, आणि आला असता तर बरं झालं असतं. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, “मला कशाला सांगताय? वस्तीची माणसं अजून बसलीत तिकडं. त्यांना सांगा.”

मी गेलो. सातआठ म्हातारी माणसं होती, काहीजण चपलांत पाय घालत होते. माईक काढून नेला होता, त्यामुळे मला जरा मोठ्यानं बोलावं लागलं. नोटीस कधी लागली, आक्कानं काय विचारलं, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. एकजण ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेला.

हौसाबाई निघायच्या बेतात होती. ती परत खाली बसली, हळूहळू, गुडघ्यांवर हात देत.

“मयताला बी आले न्हाई मी तिच्या,” ती म्हणाली. “येकाच टेम्पोत बसायचो, दिल्या. त्वांड फिरवून बसायची मी. यकदा म्हनली मला, हौसे, जरा पान्याची बाटली दे गं. म्या दिली न्हाई.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून मला थांबवलं. मग बराच वेळ माझ्याकडे निरखून बघत राहिली, ओळख पटवून घ्यावी तशी.

“आन् तू,” ती म्हणाली, “माज्या घरी येऊन च्या पीत हुतास.”