चुलीमागची केशरी भिंत

मी काही भित्री नव्हते. माहेरी साप निघाला तर भावांच्या आधी काठी घेऊन मी धावायचे. पण लग्न होऊन कुरुंद्याकडं आले, त्याच वर्षी खाली लातूरकडं भूकंप झाला, गावंच्या गावं मातीत गेली, आणि माझी सगळी मिजास उतरली. आमच्याकडं नुसती भांडी खडखडली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त स्वयंपाकघरात, चुलीमागच्या दगडमातीच्या भिंतीला वरून खालपर्यंत भेग पडली. माझं बोट आत जात होतं.

त्या भिंतीसमोर बसून मला भाकरी थापता येईना. उंदीर खुडबुडला तरी मी परात टाकून अंगणात. त्यात मला दिवस गेलेले. मालक हसायचे, "भूकंप लातूरला झाला अन् तू इथं काहून पळून राहिलीस?" सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, एकदा सासऱ्यांपाशी विषय काढला. ते म्हणाले, हळद निघाली की नवी भिंत घालू, तोवर काही होत न्हाई. काही होत न्हाई! यांचं काय जातंय बोलायला? हे दिवसभर शेतात. भिंतीखाली आम्ही दोघी.

दिवाळी तोंडावर आली तशी आत्याबाईंनी शेणमाती कालवून भेग बुजवली आणि मला म्हणाल्या, "चल पोरी, सैपाकघर सजवू. केशरी करू समदं."

आमच्याकडं घरोघरी हळद. कोठीत हळकुंडांचा चुरा पडलेलाच असायचा. तो कुटून चुन्यात टाकला की लालभडक होतो, चुना वाढवत गेलं की केशरी. काथ्याचे कुंचे घेऊन आम्ही दोघींनी चारी भिंती रंगवल्या. कोनाड्याभोवती मी पांढऱ्या ठिपक्यांची वेल काढली, पितळी डबे घासून फळीवर मांडले. शेजारच्या बाया बघायला आल्या. "अगं बया, कसं झकास दिसून राहिलंय!" किती दिवसांनी मला हसू आलं.

भेग आता दिसत नव्हती, पण ती कुठं आहे ते मला ठाऊक होतं. सकाळी उठले की आधी भिंत बघायची, मग तोंड धुवायचं. रंगाला तडा गेला की समजायचं, भिंत सरकली. तडा कधी नसायचा. माझा जीव भांड्यात पडायचा. तरी आत्याबाई मला चुलीपाशी बसू द्यायच्या नाहीत. "धुरानं तकलीफ होईल. बाहेर बस, भाजी निवड." भाजी झाली की तांदूळ, तांदूळ झाले की वाती. मला वाटायचं, माझ्या हातची भाकर यांना आवडत नाही. धुसफुसत मी अंगणात बसायचे.

हळदीचा रंग काही टिकत नाही. थंडी पडेपर्यंत तो विटला, पिवळट झाला. एका सकाळी भिंतीकडं बघता बघता मी जवळ सरकले. सगळी भिंत विटलेली, आणि तिच्यावर वरून खालपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ मात्र ताजी केशरी. जिथं भेग होती, बराबर तिथंच.

आत्याबाई भाकरीवर पाण्याचा हात फिरवत होत्या. त्यांचं एक बोट नखापर्यंत केशरी होतं. फळीखाली एक वाटी झाकून ठेवलेली दिसली. झाकण काढलं, तर आत शेणमाती आणि तिच्याशेजारी ओला हळद-चुना. म्हणजे भिंत रोज फाटत होती. मी उठायच्या आत ही बाई रोज तो तडा बुजवत होती, आणि मग दिवसभर त्याच भिंतीखाली बसत होती.

मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच अंगणात आणलं.

"अगं, तव्यावर भाकर हाय!"

"जळू द्या!"

गोठ्यापाशी मालक बैल सोडत होते. "पहार घ्या," मी म्हणाले. "ती भिंत पाडा. आत्ताच्या आत्ता. न्हाई तर मी चालले माहेरी."

माझं तोंड बघून ते पहिल्यांदाच हसले नाहीत. चूल विझवून, पहार घेऊन मागच्या अंगाला गेले. पहिलाच घाव घातला आणि भिंत आत बसली. दुसरा घालायची वेळच आली नाही. पत्रे लाकडी मेढींवर होते म्हणून तेवढे राहिले. धुरळा खाली बसला तेव्हा चूल नव्हती, तवा नव्हता. आत्याबाई ज्या पाटावर बसायच्या तो दगडांखाली कुठं गेला ते कळेना. ढिगाऱ्यावर सगळीकडं केशरी ढेकळं पडली होती.

मालक पहार धरून तिथंच खाली बसले. माझा मात्र भडका उडाला. सासूवर आवाज चढवायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी मी ओरडले, रडत रडत ओरडले. "काहून लपवलं? आत्याबाई, तुमी मेल्या असत्या ना!"

"पोटुशी बाईला भेदरवून कसं चालंल?" त्या म्हणाल्या. ते केशरी बोट पदराला पुसत पुसत ढिगाऱ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन् तू तर बाहेर होतीस ना."