अडलेलीला ओढू नये

निकालाचं पत्र हातात पडलं तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. शंभरात एकतीस. मुंबईच्या एका संस्थेत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळे, त्याच्या प्रवेश परीक्षेतले हे माझे गुण. दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर हजेरी मांडायला होते. बाळंत होऊन पंधरा दिवस न झालेल्या बाया तिथे हातोडी घेऊन उन्हात बसलेल्या पाहिल्या, आणि हे शिक्षण घ्यायचंच असं तेव्हापासून मनात बसलं होतं. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : ही परीक्षा दोनदाच देता येईल. म्हणजे आता एकच संधी उरली. मी पत्राची घडी घातली आणि राहिलेल्या वह्या तपासल्या. रडूसुद्धा आलं नाही. नुसता शीण आला.

येत नव्हतं म्हणून गुण गेले असं म्हणायलाही जागा नव्हती. मी बी.एस्सी. झालेली, वडगाव रासाईच्या शाळेत गणित शिकवणारी बाई. दोन तासांत शंभर प्रश्न होते. नववा प्रश्न अडला आणि मी त्याच्याशी झुंजत बसले. घंटा झाली तेव्हा निम्मा पेपर कोरा. वर्गात माझा एकच धोशा असे, ‘सोडवायचं, सोडायचं नाही.’ गणित अर्धवट टाकून पुढच्याला हात घालणाऱ्या मुलांच्या तळहातावर मी छडी मारलेली आहे. मग मी स्वतः ते कसं करणार? वेळ पुरला नाही एवढं मात्र कळलं, म्हणून आणखी भरभर सोडवायचा सराव सुरू केला. रोग एक आणि औषध भलतंच, पण सांगणार कोण?

परीक्षेच्या आधी मी गावच्या रासाईला पाच मंगळवार बोलले होते आणि पाचही कडक धरले होते. निकालानंतर देवीशी अबोला धरला. शाळेच्या वाटेवरच देऊळ, पण मी मान वळवून जायची. आईच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, “देवीशी अबोला? ती काय तुजी जाऊ हाय व्हय?” मी म्हटलं, जाऊ असती तर निदान भांडली तरी असती. आई हसली आणि तिला ढास लागली. दम्यानं ती निम्मी झाली होती. पहाटे उठून अभ्यास, मग आईचं औषधपाणी, दिवसभर शाळा, संध्याकाळी पुन्हा चूल. असं वर्ष गेलं. खरं सांगते, शेवटी शेवटी परीक्षा द्यावी असंही वाटत नव्हतं. अर्ज भरला होता म्हणून निघाले.

परीक्षा पुण्यात, सकाळी. आदल्या दिवशी दुपारी भीमा ओलांडायची, पलीकडे दौंड तालुक्यात उतरून केडगाव स्टेशन गाठायचं, संध्याकाळची गाडी धरायची आणि मावशीकडे मुक्काम, असा बेत होता. काठावर आले तर नावेपाशी मेंढरं. एक म्हातारी धनगरीण एकटीच तीस-चाळीस मेंढरं पलीकडे नेत होती. नावाडी म्हणाला, “बाई, जरा दम धरा. अगुदर मेंढरं जाऊ द्या.” दम धरायचा किती? नावेत चढायच्या फळीवर पहिलीच मेंढी पाय रोवून उभी राहिलेली, ती पुढे जाईना आणि मागच्यांना वाट देईना. मी उन्हात उभी, गाडीची वेळ जवळ येतेय. आमच्या घरातही आजोबांपर्यंत मेंढरं होती, पुढे वडिलांनी ती मोडून शेती धरली. मला मेंढीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोकं फिरलं आणि मी सरळ पुढे होऊन तिचे कान धरून ओढायला लागले. मेंढी फळीवर बसकण मारून बसली. मागची बिथरली आणि दरडीवर पांगली. वर्षभराचा राग मी त्या मुक्या जनावरावर काढत होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

म्हातारी ओरडली नाही. शांतपणे दरडीवरून खाली आली आणि माझा हात धरून बाजूला केला. “सोड गं बाई तिला. अडलेलीला वढू न्हाई. जितकं वढशील तितकी ती पाय रवती, आन् तिच्यापायी बाकीच्याबी ऱ्हात्यात. हिला बाजूला करायची आन् दुसऱ्या चढवायच्या. मागनं येती ती आपसूक.”

मी वैतागून विचारलं, “आणि नाही आली तर?”

“तर न्हाई. एकीपायी कळप बुडवायचा व्हय?”

तिने ती मेंढी उचलून कडेला ठेवली, पांगलेली गोळा केली. दुसरी चढली, तिच्यामागे बाकीच्या भराभरा चढल्या, आणि सगळ्यांत शेवटी ती अडलेली एक उडी मारून आत आली. नावाडी आम्हाला एकाच खेपेत घेऊन गेला. पलीकडे उतरल्यावर म्हातारी मेंढरं घेऊन तिच्या वाटेनं गेली. मी तिचं नाव विचारलं नाही, आभार मानले नाहीत. लुगड्याला लोकरीचा वास लागला म्हणून मनात चरफडत स्टेशनाकडे पळाले. गाडी मिळाली.

सकाळी पेपर हातात आला आणि सहावाच प्रश्न अडला. पहिल्यासारखंच. कान तापले, पेन्सिलीवरची पकड घट्ट झाली, आणि मी त्याला ओढायला लागले. पाच-सात मिनिटं गेली असतील. आणि एकदम ते शब्द कानात आले, ‘एकीपायी कळप बुडवायचा व्हय?’ आठवण झाली की कुणी बोललं, हे मी सांगू शकत नाही आणि त्यावर वादही घालणार नाही. मी सहावा प्रश्न सोडला. पाप केल्यासारखं वाटलं. मग सातवा सुटला, आठवा सुटला. अडला की बाजूला, अडला की बाजूला. शंभरावा झाला तेव्हा वीस मिनिटं हातात होती. मागे ठेवलेले बरेचसे मग आपसूक आले. सहावा नाहीच आला. तो तसाच ठेवून मी पेपर दिला.

अडुसष्ट गुण मिळाले आणि प्रवेशाचं पत्र आलं. आई पत्र उराशी धरून रडली, मीही रडले. मग म्हातारीला शोधल्याशिवाय चैन पडेना. नावाड्याला ती माहीत नव्हती. कासुर्डीकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवलीत असं कळलं, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे गेले. एका शेतात एक आबा मेंढरं राखत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, “अशी कोन वळखायची, पोरी? ह्ये तर समद्याच म्हाताऱ्या सांगत्यात. तुमच्यात मेंढरं न्हवती का कवा?”

“होती. आजोबांच्या वेळेला.”

“मंग तुज्या आज्यालाबी ठावं आसंल की.”

मी पुढे शोधलं नाही. परतताना संध्याकाळी, त्या अबोल्यानंतर प्रथमच, रासाईच्या देवळात शिरले. वर्षभर मला जे शहाणपण सापडत नव्हतं, ते आमच्याच घरातलं होतं, मेंढरांबरोबर गेलेलं. मला त्याची वाट दाखवायला रासाईने नदीकाठी कुणाला तरी उभं केलं, असं मी मानते. कुणी याला योगायोग म्हणालं तर माझी ना नाही. पुढच्या आयुष्यात सहाव्या प्रश्नासारखं बरंच काही अडलं. आईचा दमा गेला नाही, मी मुंबईत असतानाच ती गेली. तेही ओढून चालणारं नव्हतं, हे कळायला मला त्या प्रश्नापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

त्या संध्याकाळी देवीपुढे मी काही मागितलं नाही. “बये, फार दमले गं,” एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.